दुखवट्याच्या घरातला बंद रेडिओ

(पुण्यात झालेल्या एका कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आज माझ्याकडे सोपविलेला विषय 'मनावरील आघात आणि घरातील पडदे' असा आहे. पडदे म्हणजे अर्थातच दूरचित्रवाणीचे आणि भ्रमणध्वनीचे. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यानंतर मी समुपदेशनाचा रीतसर अभ्यास केला. गेली काही वर्षे, जिथे अकस्मात मृत्यू झाला आहे अशा घरी मी जाऊन बसत असतो. तिथे जे पाहिले, त्याच्या आधारेच मी बोलणार आहे.

एका भगिनीचे यजमान महामार्गावरील अपघातात गेले. मी भेटायला गेलो तो दहावा दिवस होता. ती बोलत होती, पण तिची नजर सारखी उशाजवळच्या मोबाईलकडे जात होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, अपघाताची चित्रफीत आली आहे माझ्याकडे. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याची. रोज रात्री पाहते. त्यांनी गाडी जरा आधी वळवली असती तर?" चित्रफीत फार तर वीस सेकंदांची असेल. ती कोणी तरी सोसायटीच्या गटावर टाकली, तेथून एका नातेवाइकाकडे गेली आणि 'ओम शांती' असे लिहून त्याने तिलाच पाठविली. त्या गृहस्थाच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकतो. परंतु ज्या क्षणी ती बाई तिथे नव्हती, त्या क्षणाची ती आता रोज रात्री साक्षीदार होत होती.

त्या दिवशी घरी परतताना मला लहानपणीचा आमचा सदाशिव पेठेतील वाडा आठवला.

वाड्याची रीत

वाड्यात कोणाकडे मृत्यू झाला की रेडिओ बंद होत असे. ज्यांच्याकडे मृत्यू झाला त्यांचा तर होत असेच, पण शेजारच्या बिऱ्हाडांचाही आवाज उतरत असे. कोणी फर्मान काढत नसे. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नसे. पिठले-भाताचे पातेले शेजारून येई. दुपारी बायका येऊन बसत. फारसे बोलणेही होत नसे, पण घर रिकामे राहत नसे. आलेला माणूस विचारी, "कसं झालं हो?" आणि घरचा माणूस तीच हकीकत दिवसातून दहा वेळा सांगे. दहा दिवसांचे सूतक, तेरावा, मग सोयऱ्यांनी येऊन दुखवटा काढणे, असा तो क्रम असे. त्यानंतर घराने पुन्हा जगाकडे तोंड करावे, अशी अपेक्षा असे.

या रीतींत सर्वच काही चांगले होते असे मी म्हणणार नाही. विधवा स्त्रीच्या वाट्याला त्यात काय काय येई, हे आपण जाणतो. ते गेले हे उत्तमच झाले. परंतु जखमी मनाला काय लागते याची त्या रीतींना पक्की जाण होती. शांतता लागते, माणसांची सोबत लागते, वेळेवर अन्न लागते, झोप लागते आणि आपली हकीकत आपल्या शब्दांत, आपल्या गतीने सांगायला मिळावी लागते. पडदा यांतील एकेक गोष्ट काढून घेतो, हे माझे आजचे मुख्य प्रतिपादन आहे.

मनात काय घडते?

मोठ्या आघातानंतर मन काही काळ धोक्याच्या पहाऱ्यावर राहते. दार आपटले तरी छाती धडधडते. झोप लागत नाही, लागली तर भीतिदायक स्वप्ने पडतात. घडलेला प्रसंग न बोलावता डोळ्यांपुढे येतो. आरंभीच्या दिवसांत हे स्वाभाविक आहे. ते वेडाचे लक्षण नाही आणि दुबळेपणाचेही नाही. 'आपण आता सुरक्षित आहोत' असे शरीराला हळूहळू पटू लागले की बहुतेकांच्या मनाचा हा पहारा सैल होतो. त्यासाठी सुरक्षिततेचा रोज पुनःपुन्हा अनुभव यावा लागतो.

पडद्यावर तोच प्रसंग पुनःपुन्हा दिसत राहिला, तर शरीराला सुरक्षिततेचा नव्हे, धोक्याचाच पुन्हा अनुभव येतो. डोळ्यांना दिसलेले दृश्य जुने आहे हे बुद्धीला कळते, छातीला कळत नाही. शिवाय हकीकत सांगणे आणि चित्रफीत पाहणे यांत मोठे अंतर आहे. सांगताना माणूस शब्द निवडतो, थांबतो, रडतो. समोरचा पाठीवर हात ठेवतो. सांगता सांगता हकीकतीला आदि-मध्य-अंत येतो आणि ती भूतकाळात जाऊन बसू लागते. चित्रफितीला अंत नसतो. ती संपताच पुन्हा सुरू होते, किंवा तशीच दुसरी आपोआप पुढे येते. एक अपघात पाहिलात की यंत्र समजते, यांना अपघात आवडतात. दुःख आणि आवड यांतील भेद त्याला कळत नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. झोप ही जखमी मनाची पहिली औषधी आहे. अंथरुणात हातात धरलेला पडदा त्याच्या प्रकाशाने आणि त्याहून अधिक त्यातील मजकुराने मनाला जागे ठेवतो. आघात झालेला माणूस म्हणतो, "झोप येत नाही म्हणून मोबाईल पाहतो." काही दिवसांनी मोबाईल पाहतो म्हणून झोप येत नाही, अशी अवस्था होते.

इतरांचे अनुभव

या विषयाचा अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पाडले गेले. त्यानंतर काही दिवसांतच देशभरातील ५६० प्रौढांची पाहणी झाली. त्या दिवशी या लोकांनी सरासरी आठ तास दूरचित्रवाणी पाहिली होती आणि मनावरील ताणाची लक्षणे न्यूयॉर्कपासून शेकडो मैल दूर असणाऱ्यांतही आढळली. लहान मुलांचे तर असे झाले की विमान मनोऱ्यावर आदळतानाचे दृश्य जितक्या वेळा दिसले, तितक्या वेळा नवी इमारत पडली असे काहींना वाटले.

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास वा अधिक काळ त्याचीच वृत्ते व दृश्ये पाहणाऱ्यांत ताणाची लक्षणे, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी वा जवळपास असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. यावर कोणी म्हणेल की, जे आधीच घाबरलेले होते तेच अधिक पाहत असतील. शंका रास्त आहे. त्याच संशोधकांनी पुढे तीन वर्षे लोकांचा मागोवा घेतला, तेव्हा दोन्ही खरे निघाले. अधिक पाहिल्याने चिंता वाढते आणि चिंता वाढलेला माणूस पुढच्या घटनेच्या वेळी आणखी अधिक पाहतो. हे चक्र आहे.

आता आपल्याकडे पाहू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि सुमारे साठ तास आपण सर्व जण दूरचित्रवाणीसमोर बसून होतो. आपल्यापैकी किती जणांच्या मुलांनी ते सर्व आपल्या मांडीवर बसून पाहिले, हे आठवून पाहा. या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात कठोर टीका केली. कारण त्यामुळे सुरक्षा दलांचा जीव धोक्यात आला होता. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट प्रक्षेपण करू नये, असा नियम २०१५ मध्ये झाला. वाहिन्यांसाठी नियम झाला, तो योग्यच झाला. घरासाठी मात्र नियम करणारे सरकार नसते. तो कुटुंबातील वडीलधाऱ्यांनीच करावयाचा असतो.

पुण्याने हे दुःख दुरून पाहिलेले नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचे प्राण गेले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार केले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्या सहांतील दोघे आपल्या पुण्याचे. त्या कुरणावरील छायाचित्रे आणि चित्रफिती काही तासांत देशातील प्रत्येक हातात पोहोचल्या. पतीच्या देहाशेजारी बसलेल्या एका नववधूचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. बहुतेकांनी पुढेही पाठविले. ते पाठविताना, ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्याही हातात फोन आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आले?

विसरायचे का?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो आपल्यासारख्या कार्यकर्त्यांकडूनच अधिक घेतला जातो. "पाहायचे नाही म्हणजे विसरायचे का? समाजाची स्मृती जागी राहायला नको का?" प्रश्न गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

स्मृती आणि पुनरावृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या परंपरेने मृताच्या स्मृतीला तिथी दिली. वर्षातून एक दिवस त्याचे नाव घ्यायचे, गोत्र उच्चारायचे, त्याच्या आवडीचा पदार्थ करायचा, पान मांडायचे. त्या दिवशी डोळे भरून आले तर भरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागायचे. या व्यवस्थेत विस्मरण कोठेच नाही. पिढ्यान् पिढ्या नावे टिकली आहेत. दुःखाला तिने एक जागा आणि एक वेळ नेमून दिली. हातातील पडदा दुःखाला ना जागा देतो, ना वेळ. ते जेवताना येते, बसमध्ये येते, पहाटे तीनला येते. अशा स्मरणातून काही दिवसांनी उरतो तो केवळ थकवा. जो रोज तेच दृश्य पाहतो त्याचे मन अखेर बधिर होते आणि बधिर मनाचा माणूस ना शोक करू शकतो, ना मदत.

सोबतीचे सामर्थ्य

माणसे अशा आघातांतून कशी सावरतात, हे पुण्याने जवळून पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचीही भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हा महाराष्ट्रात दूरचित्रवाणी नव्हती. मुंबईत ती १९७२ मध्ये आली. पानशेतची हकीकत पुणेकरांनी ओट्यावर बसून एकमेकांना सांगितली आणि अजूनही जुनी मंडळी सांगतात. पुराने ज्यांचे सर्वस्व नेले, ते सांगताना आज त्यांचा आवाज स्थिर असतो. कारण ती हकीकत त्यांनी हजार वेळा माणसांपुढे सांगितली आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. या भागातील सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यात आणले आणि वाघोली येथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था उभी केली. पुण्याच्याच ज्ञान प्रबोधिनीने हराळी या गावी जाऊन निवासी शाळा सुरू केली. ज्या मुलांनी आपले घर डोळ्यांदेखत ढिगारा झालेले पाहिले, त्यांना काय दिले गेले? ठरलेल्या वेळी घंटा, ठरलेल्या वेळी जेवण, मैदान, अभ्यास, बरोबरीची मुले आणि नावाने हाक मारणारी मोठी माणसे. मानसोपचाराच्या ग्रंथांत आघातानंतर जे जे असावे म्हणून सांगितले जाते, त्याचा गाभा हाच आहे. मी त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. त्या मुलांच्या खिशात फोन असता, तर या सर्व गोष्टी असूनही रात्री पांघरुणात त्यांनी काय पाहिले असते, याचा आपण विचार करावा, म्हणून सांगतो.

मग महामारी आली. २०२० मध्ये आपण प्रथमच अशा मृत्यूला सामोरे गेलो, ज्यात भेटायला जाता येत नव्हते. अंत्यदर्शन फोनवर झाले, सांत्वन फोनवर झाले. मुलांची शाळाही फोनवर आली. तेव्हा दुसरा उपाय नव्हता, हे मान्यच आहे. परंतु संकट ओसरल्यावर मुले पडद्यामागेच राहिली. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथल्या मंडळींनी हे ओळखले. ऑगस्ट २०२२ मध्ये आधी गावातील महिलांच्या बैठकीत विषय निघाला. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत फिरले. आणि रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात मुले अभ्यास करतात, घरातली माणसे एकमेकांशी बोलतात. मला यातील भोंग्यापेक्षा ते घरोघर फिरणे अधिक मोलाचे वाटते. एका घराने पडदा बंद केला तर त्या घरातील मूल शेजारी जाऊन पाहते. सर्व आळीने केला तर ते खेळायला जाते.

आपण काय करावे?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट घरासाठी. घरात आघात झाला असेल तर निदान तेरा दिवस बातम्यांची वाहिनी लावू नये. आवश्यक निरोप घेण्यादेण्यासाठी घरातील एका खंबीर व्यक्तीने फोन सांभाळावा. पोलीस, विमा, रुग्णालय यांचे काम त्या व्यक्तीने पाहावे. दुःखितास मिळालेली दृश्ये त्याच्या संमतीने, त्याच्याशी बोलून काढून टाकावीत. चौकशीसाठी लागणार असतील तर त्यांची प्रत त्या जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. रात्री सर्वांचेच फोन एका जागी, शयनगृहाबाहेर ठेवावेत. एकट्या दुःखिताचा फोन काढून घेऊन बाकीच्यांनी पाहत बसणे हा नियम नव्हे, ती शिक्षा झाली.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. मुलांपासून सत्य लपवू नये. काय घडले ते थोडक्यात, त्यांच्या भाषेत, त्यांच्याजवळ बसून सांगावे. पण दाखवू नये. मूल तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, तेव्हा ते त्रास देत नसते, हकीकत पचवीत असते. त्याला शक्यतो लवकर शाळेत, मैदानावर पाठवावे.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांसाठी. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणे सोपे झाल्यापासून जिना चढणे कमी झाले आहे. आपण जिना चढावा. काय बोलावे हे सुचत नसेल तर बोलू नये. भाजी निवडून द्यावी, मुलांना शाळेत सोडावे. पडदा काढून घेतल्यावर जी पोकळी उरते, ती माणसांनीच भरावी लागते. ती भरली नाही, तर हात पुन्हा पडद्याकडेच जाणार.

चौथी गोष्ट माझ्या कार्यकर्ता बंधूंसाठी आणि ती मी थोड्या संकोचाने सांगतो. पूर असो, दरड असो, अपघात असो, आपण धावून जातो. तो आपला स्वभाव आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा. परंतु अलीकडे मदतीबरोबर कॅमेराही धावू लागला आहे. अन्नाची पिशवी घेताना मान खाली घातलेल्या बाईचे छायाचित्र आपण घेतो आणि 'सेवाकार्य' म्हणून पाठवितो. तिच्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवसाचे ते छायाचित्र असते आणि ते तिला वा तिच्या मुलाला पुढे कधीही दिसू शकते. कामाची नोंद लागते, हे मला कळते. ती वहीत ठेवावी, साहित्याचे छायाचित्र घ्यावे. माणसाचा चेहरा घेऊ नये.

मर्यादाही ध्यानात असाव्यात

पडदा हा शत्रू आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील मुलाचा चेहरा रोज सायंकाळी फोनवर पाहणाऱ्या एकाकी आईला तो आधारच आहे. एखादा जुना चित्रपट सर्वांनी मिळून पाहिला आणि घर महिन्यात प्रथमच हसले, तर तेही औषधच आहे. काय पाहतो, कोणाबरोबर पाहतो आणि पाहून झाल्यावर मन हलके होते की जड, याचा विवेक करावयाचा आहे.

त्याचप्रमाणे केवळ पडदा बंद केल्याने प्रत्येक जखम भरत नाही. महिना उलटूनही झोप नसेल, प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, माणूस कोणालाच भेटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर एक दिवसही थांबू नये. त्यात कमीपणा नाही. हाड मोडले तर आपण घरी तेल चोळत बसत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक अवश्य लिहून घ्यावा. तोही फोनवरूनच लावायचा आहे, म्हणून म्हणतो, फोन वाईट नाही.

आरंभी ज्या भगिनीविषयी सांगितले, तिच्याकडे मी पुढेही जात राहिलो. मी तिला 'ती चित्रफीत पाहू नकोस' असे म्हटले नाही. 'मला तोंडाने सांग' असे म्हटले. तिने सांगितले. पुढच्या वेळी पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी हकीकत अपघातापासून सुरू न होता, त्या दिवशी सकाळी यजमानांनी चहा कसा केला होता, तेथून सुरू झाली. रात्री फोन सासूबाईंच्या खोलीत राहू लागला आणि सासूबाई सुनेच्या खोलीत झोपू लागल्या. काही आठवड्यांनी तिने स्वतःच ती चित्रफीत काढून टाकली. दुःख गेले असे मी म्हणणार नाही. परंतु यजमानांचे नाव काढले की तिला आता तो रस्ता आठवत नाही, माणूस आठवतो.

वाड्यातला तो बंद रेडिओ यासाठीच होता. आपल्या शेजारी उद्या असा प्रसंग आला, तर आपण आपला आवाज उतरवू आणि जिना चढू, एवढा निश्चय करून आज येथून जावे, अशी विनंती करतो.